स्मृतीचा बाजार

२०२५ची दिवाळी आटोपली आणि लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतून एक वाक्य वारंवार कानावर येऊ लागले : ‘‘भाव आजचा आहे साहेब, उद्याचं सांगता येणार नाही.’’ हे वाक्य एरवी सराफाच्या पेढीवर किंवा लासलगावच्या बाजार समितीत शोभावे. इथे ते वीतभरही लांब नसलेल्या, हिरव्या-काळ्या पट्टीवर ओळीने चिप्स डकवलेल्या एका वस्तूबद्दल बोलले जात होते. संगणकाची स्मृती, म्हणजेच रॅम.

आमच्या परिचयातले एक गृहस्थ लग्नपत्रिका, अहवाल आणि दिवाळीच्या आधी दोन-तीन अंकांची जुळणी करून देण्याचा छोटा व्यवसाय चालवतात. पाच संगणक, चार माणसे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नेहमीची देखभाल थांबवली. आता ‘विंडोज ११’ घालणे आले आणि ते घालायचे तर यंत्रात असलेली ८ जीबी स्मृती वाढवून घ्यावी, असा सल्ला त्यांना मिळाला. सप्टेंबरात त्यांनी भाव विचारून ठेवला होता. दिवाळीच्या अंकांचे पैसे हाती पडल्यावर, डिसेंबरात, ते पुन्हा त्याच दुकानात गेले तेव्हा आकडा जवळपास तिप्पट झाला होता. ‘‘काका, तुम्ही तेव्हाच घ्यायला हवं होतं,’’ असे काउंटरवरच्या पोराने वर ऐकवलेही.

गृहस्थांना वाटले, दुकानदार लबाडी करतो आहे. तो करत नव्हता. अमेरिकेत ३२ जीबीचा जो संच २०२५च्या उन्हाळ्यात शंभर डॉलरच्या आसपास मिळत होता, त्याने डिसेंबरापर्यंत तीनशेचा आकडा ओलांडला होता. विद्यार्थ्यांच्या आवडत्या ‘रास्पबेरी पाय’ या तळहाताएवढ्या संगणकाचा १६ जीबीचा नमुना १२० डॉलरवरून १४५ डॉलरवर गेला आणि कंपनीने त्याचे कारण स्मृतीची महागाई असेच सांगितले. सोने-चांदी महागली की त्याची पहिल्या पानावर बातमी होते. स्मृती मात्र प्रत्येक फोनात, दूरचित्रवाणी संचात आणि बँकेच्या यंत्रात असूनही तिच्या बाजाराचा विचार आपण सहसा करत नाही. तो करण्याची वेळ आली आहे.

गळकी मडकी

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. जुन्या छापखान्यात खिळ्यांच्या केसी भिंतीला लावून ठेवलेल्या असत आणि पान जुळवायचे ते मधल्या टेबलावर. केसीत लाख खिळे असोत, टेबल लहान असेल तर एका वेळी एकच पान लावता येई. दुसरे घ्यायचे तर पहिले बांधून बाजूला ठेवा. संगणकातली डिस्क म्हणजे या केसी आणि रॅम म्हणजे टेबल. टेबल भरले की संगणक अर्धवट जुळवलेली पाने डिस्कवर नेऊन ठेवू लागतो, पुन्हा आणतो, पुन्हा नेतो. ‘यंत्र अडकतंय’ अशी तक्रार आपण करतो तेव्हा पुष्कळदा ही ने-आण चाललेली असते.

हे टेबल बनवण्याची युक्ती मात्र विलक्षण आहे. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६मध्ये ती सुचली आणि १९६८मध्ये तिला पेटंट मिळाले. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि विद्युतभार धरून ठेवणारा एक कपॅसिटर, बस्स. भार असला तर एक, नसला तर शून्य. अडचण एवढीच की ही मडकी गळकी असतात. भार झिरपून जातो. म्हणून डीडीआर-४ जातीच्या स्मृतीत दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक मडके तपासून पुन्हा भरावे लागते. १६ जीबीच्या स्मृतीत अशी सुमारे १३७ अब्ज मडकी असतात आणि वीज जाताच सगळी रिकामी होतात. इतका अचाट आणि नाशवंत माल काही हजार रुपयांत मिळतो, याचेच खरे तर आश्चर्य वाटायला हवे.

नाशवंतावरून कांदा आठवणे साहजिक आहे आणि बाजाराच्या दृष्टीने ही उपमा वरवरची नाही. कांद्याला भाव आला की सगळे कांदा लावतात. तो एकदम बाजारात येतो, भाव कोसळतो, शेतकरी तो रस्त्यावर ओततो. पुढच्या वर्षी कोणी लावत नाही आणि भाव पुन्हा चढतो. स्मृतीचे तसेच आहे, फक्त पीक चार महिन्यांऐवजी दोन-तीन वर्षांनी हाती येते आणि एका शेताची किंमत हजारो कोटी रुपये असते. कारखाना उभा राहिला की तो रात्रंदिवस चालवावाच लागतो. यंत्रांचा खर्च थांबत नाही, म्हणून मंदीतही माल निघत राहतो. भाव पडतो तो त्यामुळे.

हे चक्र जुने आहे. इंटेल ही कंपनी आज प्रोसेसरसाठी ओळखली जाते. तिचा जन्म १९६८मध्ये झाला तो स्मृतीच्या चिपा बनवण्यासाठी. १९७०ची तिची ११०३ ही १,०२४ बिटांची चिप या धंद्याची खरी सुरुवात. पण जपानी कंपन्यांनी इतका स्वस्त आणि इतका चांगला माल आणला, की १९८५मध्ये इंटेलने आपल्या पहिल्या धंद्यातून अंग काढून घेतले. पुढच्या वर्षी अमेरिकेने जपानशी करार करून किमतींना खालून टेकू दिला आणि १९८८च्या सुमारास टंचाई झाली. ४ जुलै १९९३ रोजी जपानमधल्या निहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिपा बनत नव्हत्या. चिपांवर जे काळे कवच असते त्यासाठी लागणारी राळ बनत होती. जगाला लागणाऱ्या या राळेचा मोठा हिस्सा तिथून येत असल्याने स्मृतीचे भाव काही आठवड्यांत भडकले. १९९६मध्ये तेच भाव कोसळले आणि सप्टेंबर १९९९मध्ये तैवानात भूकंप झाल्यावर पुन्हा उसळले.

त्या स्वस्ताईच्या लाटेतच प्रस्तुत लेखकाने आपल्या पेंटियम संगणकासाठी १६ एमबीची एक पट्टी मोठ्या हौसेने विकत घेतली होती. ती बसवल्यावर यंत्राने ती ओळखायलाच नकार दिला. त्या काळी ७२ पिनांच्या पट्ट्या पेंटियमला जोडीनेच लावाव्या लागत, हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते आणि विकत घेणाऱ्याला ठाऊक नव्हते. दुसरी पट्टी घ्यायला पुढच्या पगारापर्यंत थांबावे लागले. असो.

तीन विक्रेते

कांद्याची उपमा इथवर चालते, पुढे नाही. कांदा पिकवणारे लाखो आहेत. स्मृतीच्या बाबतीत दर मंदीत एखाददुसरा शेतकरी कायमचा उठला. जर्मनीची किमोंडा जानेवारी २००९मध्ये दिवाळखोरीत गेली. जपानची एल्पिडा फेब्रुवारी २०१२मध्ये गेली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या मायक्रॉनने ती ताब्यात घेतली. उरल्या मुख्यतः तीन : दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि मायक्रॉन. जगातल्या या स्मृतीचा फार मोठा वाटा या तिघींच्या हाती आहे. चीनची चांगशिन ही कंपनी मागून वेगाने येते आहे, पण ती अजून या तिघींच्या बरोबरीची नाही.

मोजकेच विक्रेते असले की संगनमताची शंका येते आणि ती निराधार नाही. १९९९ ते २००२ या काळात किमती ठरवून घेतल्याबद्दल अमेरिकेच्या न्याय खात्याने खटले भरले. २००४मध्ये इन्फिनिऑनने १६ कोटी डॉलर, २००५मध्ये हायनिक्सने १८.५ कोटी आणि सॅमसंगने ३० कोटी डॉलर दंड मान्य केला. मायक्रॉनने तपासाला मदत केल्याने ती दंडातून सुटली. युरोपीय आयोगाने २०१०मध्ये याच काळासाठी अनेक कंपन्यांना मिळून ३३ कोटी युरोंवर दंड केला. मात्र २०२५च्या दरवाढीमागेही असेच काही असणार, असा निष्कर्ष त्यावरून काढणे घाईचे ठरेल. तिघेच विक्रेते असले, की त्यांना चोरून भेटण्याची गरजच उरत नाही. शेजाऱ्याने यंदा किती एकर लावले ते कुंपणावरून दिसतेच.

२०२२-२३मध्ये भाव इतके पडले की तिन्ही कंपन्यांनी या व्यवसायात तोटा सोसला. त्यांनी उत्पादन कापले, नवे कारखाने लांबणीवर टाकले. नेमक्या त्याच वेळी कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली. या कामासाठी लागणाऱ्या प्रोसेसरना साधी रॅम पुरत नाही. त्यांना हवी असते ती ‘एचबीएम’. स्मृतीच्या पातळ चिपा मजल्यांसारख्या एकावर एक रचायच्या, आरपार सूक्ष्म छिद्रे पाडून त्यातून तारा न्यायच्या आणि हा मनोरा प्रोसेसरच्या अगदी शेजारी बसवायचा. वेग अफाट मिळतो, पण सिलिकॉनही तसेच खर्ची पडते. मायक्रॉननेच दिलेल्या हिशेबानुसार एचबीएमच्या एका बिटाला साध्या डीडीआर-५च्या सुमारे तिप्पट वेफर लागतो. म्हणजे एचबीएमचा एक मनोरा बाहेर पडला, की तेवढ्याच वेफरवर होऊ शकल्या असत्या अशा त्याच क्षमतेच्या तीन साध्या पट्ट्या बाजारात येतच नाहीत. नफा मनोऱ्यात जास्त. एसके हायनिक्सने या मालावर भर देऊन २०२५च्या पहिल्या तिमाहीत सॅमसंगला मागे टाकले. तीन दशकांहून अधिक काळ सॅमसंगकडे असलेला पहिला क्रमांक गेला. मग बाकीच्यांनी कोणती वाट धरावी हे सांगायला नको.

१ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआयने सोलमध्ये सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी इरादापत्रे केली. त्यांत आकडा होता महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतचा. इरादापत्र म्हणजे खरेदी नव्हे. लग्नाची बोलणी आणि लग्न यांत जो फरक असतो तोच. पण बोलणी झाली एवढ्या वार्तेवरही बाजार हलतो. ज्यांना स्मृती लागते त्या संगणक आणि फोन बनवणाऱ्या कंपन्या साठा करायला धावल्या. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने जाहीर केले की तिची ‘क्रूशल’ ही किरकोळ ग्राहकांसाठीची नाममुद्रा ती २९ वर्षांनी बंद करणार. मोठ्या गिऱ्हाइकांना माल पुरा पडावा म्हणून छोट्यांचे खाते मिटवायचे. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी घटना हीच. भाव चढतो आणि उतरतो, पण तिघांतला एक दुकानदार ‘सुट्टा माल मिळणार नाही’ अशी पाटी लावतो तेव्हा गिऱ्हाइकाची जागा बदललेली असते.

गंमत म्हणजे जुना मालही सुटला नाही. डीडीआर-४ बंद करणार असे उत्पादकांनी कळवताच २०२५च्या मध्यात घाऊक बाजारात तिचा भाव नव्या डीडीआर-५च्याही वर गेला.

आपल्याकडे काय? २०२३च्या जूनमध्ये गुजरातेतील साणंद येथे मायक्रॉनचा २.७५ अब्ज डॉलरचा प्रकल्प जाहीर झाला तेव्हा ‘आता स्मृती भारतात बनणार’ असे मथळे आले होते. या रकमेतला निम्मा भाग केंद्र सरकारचा आणि पाचवा हिस्सा राज्याचा. पण साणंदला चिपांची जुळणी आणि चाचणी होते. सिलिकॉनच्या वेफरवर मडकी कोरण्याचे काम परदेशातच. धोलेऱ्यात टाटांनी वेफरचा कारखाना हाती घेतला आहे, पण त्याचा भर संगणकाच्या स्मृतीवर नाही. जुळणीचा कारखाना ही सुरुवात म्हणून चांगलीच गोष्ट, पण टंचाईच्या काळात माल कोणाला द्यायचा हे जो वेफर कोरतो तो ठरवतो. नवे वेफर-कारखाने अमेरिकेत आणि कोरियात होत आहेत, त्यांचा माल २०२७पासून पुढे येईल असे कंपन्यांनी सांगितले आहे. तेव्हा कांदा पुन्हा रस्त्यावर ओतला जाईल की काय, हे कृत्रिम बुद्धिमत्तेची भूक तोवर टिकते की नाही यावर अवलंबून आहे. इतिहास पाहता तशी शक्यता नाकारता येत नाही. पण लग्नसराई तोवर थांबत नाही आणि आमच्या गृहस्थांना पत्रिका आत्ताच छापायच्या आहेत.

गिऱ्हाइकाने काय करावे

महागाईत पहिला प्रश्न ‘कोणती घ्यावी’ हा नसतो, ‘घ्यावी का’ हा असतो. त्याचे उत्तर दुकानात नाही, आपल्याच यंत्रात आहे. विंडोजमध्ये ‘टास्क मॅनेजर’ उघडावा, रोजची कामे रोजच्यासारखी चालू ठेवावीत आणि स्मृतीचा आलेख दिवसभर अधूनमधून पाहावा. तो साठ-सत्तर टक्क्यांवर राहत असेल तर नवी पट्टी लावून काडीचाही फरक पडणार नाही, मग विकणारा काहीही म्हणो. नव्वदीच्या पुढे ठाण मांडून बसत असेल तर टेबल खरोखरच लहान पडते आहे. पत्रव्यवहार, हिशेब आणि थोडे इंटरनेट एवढ्याला ८ जीबी आजही चालते, फक्त ब्राउझरची तीस पाने एकाच वेळी उघडी ठेवण्याची सवय सोडावी लागते. घरातल्या बहुतेकांना १६ जीबी पुरते. ३२ लागते ती चित्रफितींचे संकलन किंवा मोठमोठी छायाचित्रे हाताळणाऱ्यांना. आणि यंत्रात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर रॅमआधी एसएसडी घालावी. तिचे भावही २०२५अखेर चढू लागले होते, तरी खर्चलेल्या रुपयाचे चीज तिथे जास्त होते.

घ्यायचीच ठरली तर जात पाहावी. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. एक दुसरीच्या जागी बसत नाही आणि बळजबरी केल्यास मदरबोर्ड जातो. एएमडीच्या एएम-४ बैठकीला डीडीआर-४, एएम-५ला फक्त डीडीआर-५. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत दोन्ही चालतात, पण एका बोर्डावर बहुधा एकच. म्हणून बोर्डाचे नाव कागदावर लिहूनच दुकानात जावे. लॅपटॉपची पट्टी आखूड असते आणि पुष्कळ नव्या लॅपटॉपांत ती नसतेच. चिपा बोर्डावर झाळलेल्या असतात, पुढे वाढवता येत नाहीत. असा लॅपटॉप ८ जीबीचा घेऊन चार-पाच हजार वाचवणे म्हणजे वाढत्या अंगाच्या पोराला मापाचा सदरा शिवण्यासारखे आहे.

मग येतात ते वेगाचे आकडे. ३२००, ५६००, ६००० हे आकडे मोठे दिसतात, पण शेजारी ‘सीएल’ म्हणून एक आकडा असतो, तो विक्रेता सहसा दाखवत नाही. सीएलला २००० ने गुणून वेगाच्या आकड्याने भागले की मागितल्यापासून पहिला तुकडा हाती पडायला किती नॅनोसेकंद लागतात ते कळते. डीडीआर-४ची ३२०० वेगाची, सीएल १६ची पट्टी घ्या : दहा. डीडीआर-५ची ६००० वेगाची, सीएल ३०ची घ्या : पुन्हा दहाच. आणि ५६०० वेगाची, सीएल ४६ची स्वस्त पट्टी घेतली तर सोळाच्या वर. नव्या जातीत नळाचा व्यास मोठा झाला आहे, पहिला थेंब पडायचा वेळ मात्र फारसा बदललेला नाही. मोठ्या धारेचा उपयोग खेळांना आणि संकलनाला होतो, लग्नपत्रिकेला नाही. चकाकते दिवे लावलेल्या पट्ट्यांबद्दल तर बोलायलाच नको.

त्यापेक्षा फुकटात मिळणारा वेग घ्यावा. एकच १६ची पट्टी लावण्याऐवजी ८च्या दोन योग्य खाचांत लावल्या, तर प्रोसेसरला दोन नळांतून पाणी मिळते. पेंटियमच्या काळी जोडी ही सक्ती होती, आता ती सोय आहे, पण ती न घेणारेच जास्त आढळतात. जोडी शक्यतो एकाच नमुन्याची असावी. वेगवेगळ्या पट्ट्या एकत्र नांदल्याच तर सगळ्यात हळू असणारीच्या चालीने चालतात. अनेक यंत्रांत पट्टीवर लिहिलेला वेग बायोसमध्ये जाऊन चालूही करावा लागतो. तो न केल्याने वर्षानुवर्षे कमी वेगाने चाललेली यंत्रे आम्ही पाहिली आहेत.

वापरलेली पट्टी घेण्यात गैर काही नाही. तिच्यात झिजणारे भाग नसतात आणि जी पाच वर्षे चालली ती बहुधा पुढेही चालते. अट एकच, की परत करण्याची मुभा लेखी घ्यावी आणि ‘मेमटेस्ट८६’सारखी चाचणी रात्रभर लावावी.

आमच्या गृहस्थांनी शेवटी हेच केले. आधी पाचही यंत्रांचे आलेख आठवडाभर वहीत टिपले. दोन यंत्रांवर केवळ मुद्रितशोधन आणि बिले चालतात, तिथे ८ जीबी भरून उरत होती. एक माणूस काम सोडून गेल्यापासून तिसरे यंत्र नुसतेच टेबलावर बसून होते. त्यातली पट्टी काढून छायाचित्रांच्या यंत्रात लावली, ते काही खर्च न होता १६चे झाले. उरलेल्या एकासाठी ८ जीबीची वापरलेली पट्टी आणली आणि दुकान बंद करताना चाचणी लावून ठेवली. सकाळी पडद्यावर लाल ओळी होत्या. त्या फोनमध्ये टिपून ते दुकानात गेले, पोराने मुकाट्याने पट्टी बदलून दिली. दुसरीची रात्र बिनतक्रार गेली.